साठात कोणी उरत नाही

१

मिलचा भोंगा बंद पडला त्या वर्षीही होळी झाल्यावर लेझीमची तालीम सुरू झाली. का नाही होणार? मिल शेठची होती, लेझीम आपली होती. उन्हं कलली की स्नेहलतागंजच्या मागच्या गल्ल्यांतून माणसं निघायची, वाटेत पोह्यांच्या गाडीवर थांबून सेव जास्त टाक म्हणून भांडायची, आणि विव्हिंग शेडमागच्या मैदानात जमायची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत मिलवाल्यांचं पथक नाही, असं वर्ष इंदूरने पाहिलं नव्हतं. ते आपल्या हयातीत दिसू द्यायचं नाही, एवढं रत्नपालने ठरवलं होतं.

पथक बांधलं त्याच्या वडिलांनी, कचरू उस्तादांनी. त्यांचे वडील महूच्या पलटणीत शिपाई. त्यामुळे घरात भाकरी उशिरा मिळाली तर चालायचं, रांग वाकडी झालेली चालायची नाही. पथकात हुकूम पलटणीचे आणि हिंदीत. "गिनती कर" म्हटलं की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक जण आपला आकडा बोलणार. मग दोन-दोनच्या जोड्या, त्यातून तीन-तीनच्या ओळी, मग चार, पाच, सहा, आणि शिट्टीसरशी परत दोन. ढोल थांबायचा नाही, पाय थांबायचे नाहीत, आणि दर वेळी ओळी भरलेल्या.

आता एवढ्या सगळ्या ओळी भरायच्या तर माणसं किती हवीत? उस्तादांनी हे मिलमध्येच शोधलं. एका दुपारी वीज गेली, माग थांबले, बाकीचे बिड्या ओढायला बाहेर पडले आणि हे रिकाम्या बॉबिनी जमिनीवर मांडत बसले. बारा घेतल्या, त्या पाचात अडल्या. चोवीस घेतल्या, पुन्हा पाचातच अडल्या. तीस घेतल्या, चारात दोन उरल्या. असं करत साठाला आले. साठ बॉबिनी दोनात बसल्या, तीनात बसल्या, चारात, पाचात, सहात बसल्या, एक म्हणून उरली नाही. साठाच्या खाली असा दुसरा आकडाच नाही. सातात का बसत नाहीत म्हणून एका जॉबरने, मागांवरच्या मुकादमाने, चिडवलं, तर म्हणाले, सातचा हट्ट शेठलोकांनी करावा, अपन सहात खुश.

आणि गंमत अशी की या गुणी साठाचे दोन्ही शेजारी भलते आडमुठे. एकोणसाठ आणि एकसष्ट. एकाशिवाय आणि स्वतःशिवाय दोघंही कोणाला दाद देत नाहीत. एकोणसाठ माणसं कशातही रचा, शेवटच्या ओळीत नेमकी एक जागा रिकामी राहते. एकसष्ट रचा, दर वेळी नेमका एक माणूस बाहेर पडतो. उस्ताद तालमीआधी हे सगळं पोरांना सांगायचे आणि शेवटी आवाज खाली आणायचे.

"उरलेलं अन्न, उरलेलं पाणी, उरलेली जागा. आपल्या पिढ्यान् पिढ्या त्यावर गेल्या. माझ्या पथकात कोणी उरणार नाही."

नुसतं बोलून थांबणारा माणूस नव्हता तो. धाकटा ज्ञानदीप मिसरूड फुटल्यावर लेझीम घेऊन तालमीला आला, तेव्हा पथक एकसष्ट झालं. पोराला परत कसं पाठवायचं? उस्तादांनी आपली लेझीम खाली ठेवली, गळ्यात शिट्टी घातली आणि ते स्वतः रांगेबाहेर झाले. थोरला रत्नपाल पहिला, म्होरक्या. ज्ञानदीप साठावा, शेपटाला. पुढे एक पोरगा, मागे एक पोरगा, मध्ये सगळी मिल. उस्ताद वारले तोपर्यंत पथक असंच चाललं, आणि त्यांच्यानंतर शिट्टी रत्नपालच्या गळ्यात आली, रांगेतली पहिली जागाही त्याच्याकडेच राहिली.

२

मिल बंद झाली आणि माणसं पांगायला लागली. कोणी देवासला, कोणी पीथमपूरला. रत्नपालला पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. मागावर असताना एकदा सूत घेऊन फिरणारा धोटा उडून त्याच्या उजव्या खांद्यात बसला होता. तेव्हापासून तो खांदा लेझीम वर नेताना मध्येच वाकडा उचलला जायचा. वर्कशॉपवाल्याने खांदा बघितला, नाक मुरडलं, पण ठेवून घेतलं.

ज्ञानदीपला कोणी ठेवलं नाही. होळीच्या आधीच तो सुरतेला गेला, तिथल्या पॉवरलूमवर. गल्लीच्या तोंडाशी नुकताच एसटीडीचा पीसीओ उघडला होता, तिथे त्याचा फोन यायचा. तिथलं पाणी पचत नाही, खोलीत झोपायला पाळी लावावी लागते, एकाची पाठ उठली की दुसऱ्याची टेकते, असं हसत हसत सांगायचा. रत्नपालला त्या हसण्याने रडू यायचं. त्याने मालकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवून वर्कशॉपमध्ये भावासाठी शब्द टाकला होता.

"जयंतीला येतो दादा," ज्ञानदीप म्हणाला. "वर्कशॉपमध्ये जमलं तर परत जाणार नाही. माझी जागा तेवढी ठेव."

"ठेवतो," रत्नपाल म्हणाला.

त्यांची आई प्रभावती. तिने ज्ञानदीपची लेझीम दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती आणि रोज येताजाता तिच्यावरची धूळ पुसायची. बाकीच्यांपैकी गेलेल्यांच्या जागा त्यांच्या भावांनी, मेहुण्यांनी भरल्या होत्या. साठावीला मात्र रत्नपालने कोणालाच उभं केलं नाही. एकोणसाठावर पथक उभं राहिलं.

उस्तादांचा यावरही नियम होता. जो आला नाही त्याचा आकडा कोणी बोलायचा नाही. तिथे गप्प राहायचं, ढोलवाला एक ठोका देणार, आणि त्याची जागा मोकळी ठेवून खेळायचं. मिलमध्ये दुसऱ्याच्या नावाची हजेरी लावणं पाप, तसंच इथे. मोकळी जागा म्हणजे त्या माणसाची खूण. ती झाकली तर तो गेला हे कळणार कसं?

पहिल्या तालमीला गिनती झाली. एक, दो, तीन करत आकडे मागे सरकत गेले. सत्तावन. अट्ठावन. शेपटाला उभा असलेला वासुदेव, उस्तादांच्याच खात्यातला जुना विणकर, म्हणाला, उनसठ. मग शांतता. ढोलवाल्याने टिपरू उचललं.

खोटं कशाला बोला, त्या क्षणी रत्नपालला ती शांतता सोसली नाही. मिल गप्प, भोंगा गप्प, आता भावाच्या जागीही गप्प. त्याच्या तोंडून निघून गेलं, "साठ!" आवाज मध्येच चिरकला.

समोर विव्हिंग शेडची लांब भिंत. आत एके काळी बोललेलं ऐकू यायचं नाही इतका मागांचा आवाज. आता आत काहीच नव्हतं. त्याचं साठ तिथे आदळून परत आलं. ढोलवाल्याने ठोका दिला नाही. सगळ्यांना वाईटच वाटत होतं.

३

दुसऱ्या संध्याकाळी रत्नपालने मनाशी ठरवलं होतं, आज तोंड मिटून ठेवायचं. गिनती निघाली. वासुदेव म्हणाला, उनसठ. आणि लगेच आवाज आला, साठ. मध्येच चिरकलेला.

त्याला वाटलं, भिंतीचा असणार. रिकाम्या शेडमध्ये आवाज काय काय खेळ करतो. पण घरी जाताना त्याच्या डोक्यात आलं, भिंत बोललेलं परत देते. आज तर आपण बोललोच नव्हतो.

त्या संध्याकाळी ओळीही भरल्या. तो सगळ्यांत पुढे, त्याला शेपूट दिसायचं नाही. कचरू उस्तादांची शिकवणच तशी होती, शेजाऱ्याकडे बघू नको, शेजाऱ्याला ऐक. म्हणून पथकात कोणी मान वळवायचं नाही. सगळा हिशेब कानांचा. एक लेझीम कमी असेल तर शेवटच्या ओळीच्या छनकाराला डावीकडे लंगडेपण येतं, ते रत्नपालला पुढून कळायचं. त्या दिवशी लंगडेपण नव्हतं. दोनात नाही, तीनात नाही, चारात, पाचात, सहात नाही. वडील होते तेव्हा वाजायचं तसं भरलेलं वाजत होतं. त्याच्या अंगावर काटा आला, आणि काट्याबरोबर असा आनंद झाला की त्याने तालीम सोडायची शिट्टी लांबवलीच. गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्या आयुष्यात पूर्ण असं काही झालंच नव्हतं.

तालीम सुटल्यावर त्याने वासुदेवला विचारलं, तुझ्या बाजूला कोण होतं. वासुदेवने खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली. "ज्ञानदीप आला ना परत? मला वाटलं तोच. बरोबर ताल धरून होता भिया. मी थोडीच बघून राहिलो होतो." मग म्हणाला की त्या बाजूचा कान मात्र सारखा गार पडत होता.

घरी आला तेव्हा बायको बेबी पोळ्या लाटत होती, आई मोरीवर भांडी घासत होती. घरात वारा नव्हता. खिळ्यावरची ज्ञानदीपची लेझीम हलत होती, नुकतंच कोणी अडकवून बाजूला झाल्यासारखी. रत्नपालने ती थांबवायला हात लावला. लाकडी मूठ घामाने ओली होती.

आईचे ओले हात लागले असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. आई तर दर घडीला पुसतेच ती.

४

मनाला किती दिवस समजावणार? उस्तादांचा पोरगा होता तो. आकडा खोटं बोलत नाही हे बाळकडू मिळालेलं. त्याने आकड्यालाच विचारायचं ठरवलं.

एका तालमीला त्याने वासुदेवला बाहेर बसवलं. पाय मुरगळलाय असं सांगायला लावलं आणि कानात सांगितलं, तू फक्त शेपटाकडे बघत राहा. आता माणसं उरली अठ्ठावन्न. अठ्ठावन्न म्हणजे सहाच्या ओळी केल्या तर शेवटी दोन जागा रिकाम्या पडायला हव्यात, पाचाच्या केल्या तरी दोन, चाराच्या केल्या तरी दोन. रत्नपाल कान देऊन खेळला. शेवटच्या ओळीत दर वेळी एकच जागा रिकामी वाजत होती. एकच. म्हणजे आवाज बिवाज काही नव्हता. मागे एक माणूस होता, आणि तो मोजला जात होता.

तालीम संपली. वासुदेव मैदानाच्या कडेला बुटाची नाडी बांधत बसला होता. बांधलेली सोडायचा, पुन्हा बांधायचा.

"बघितलंस?" रत्नपालने विचारलं.

"तू तर पुढे होतास ना, रतन भिया?"

"पुढेच होतो. मग?"

वासुदेवने मान हलवली. काही नाही म्हणाला. मग म्हणाला, मला उद्यापासून मध्ये कुठेतरी घे, शेपटाला नको, माझं वय झालं आता. रत्नपालने त्याला मध्ये घेतलं. शेपटाला दुसरा कोणी गेला, आणि त्यालाही गार कानाची तक्रार सुरू झाली.

इथे कोणी विचारेल, मग त्याने तालीम बंद का नाही केली? जयंती जवळ आली होती हे एक. दुसरं म्हणजे त्याने मनाची समजूत अशी घातली की हे जे काही आहे ते ज्ञानदीपच्या जागेवर उभं आहे, ज्ञानदीपसाठी. कोणी गाडीत रुमाल टाकून जागा धरतं तसं. माणूस आला की रुमाल उचलायचा. आणि तिसरं, जे त्याने बेबीलाही सांगितलं नाही, ते हे की त्याला तो भरलेला छनकार आवडायला लागला होता. डोळे मिटून खेळलं की शेडमधून कापसाचा वास यायचा, माग धडधडायचे, वडिलांची शिट्टी यायची. डोळे उघडले की फुटक्या काचांची भिंत.

५

जयंतीच्या सकाळी ज्ञानदीप आला. वाळला होता, डोळे आत गेले होते, पण हसणं तेच. आईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि सोडेचना. बेबीने पोहे केले. वर्कशॉपवाल्याने हो म्हटल्याचं रत्नपालने पोह्यांवर सांगितलं, तेव्हा ज्ञानदीप ताटलीकडे बघत बसला आणि त्याच्या गालावरून पाणी आलं. परत जात नाही आता, म्हणाला. त्याने खिळ्यावरची लेझीम काढली, मूठ चाचपली आणि हसला. "गरम आहे दादा. कोण खेळून राहिलं होतं माझ्या लेझीमने?"

"आई पुसते," रत्नपाल म्हणाला.

मैदानात पथक उभं राहिलं. निळे फेटे, पांढरे सदरे. ज्ञानदीप सगळ्यांच्या गळ्यात पडत, शिव्या खात शेपटाला गेला. रत्नपालने सगळ्यांत पुढे उभं राहून हुकूम दिला. आज माणूस आलाय. आज रुमाल उचलला जाईल.

अट्ठावन. उनसठ.

साठ. मध्येच चिरकलेलं.

मग ज्ञानदीपचा आवाज आला, गोंधळलेला. "इकसठ."

रत्नपालने ढोलवाल्याला खूण केली. त्याला वाटलं, चालायला लागलं की बसेल. दोन-दोन केले. ज्ञानदीप एकटा मागे राहिला. तीन-तीन केले. एकटा मागे राहिला. चारात राहिला, पाचात राहिला, सहात राहिला. प्रत्येक शिट्टीला तो धावत पुढे यायचा, ओळीच्या टोकाशी घुसायला बघायचा, आणि तिथून मागे सरायचा. उस्तादांच्या पोराला, उस्तादांच्या पथकात. शेवटी त्याने लेझीम खाली केली आणि रांगेच्या कडेने चालत पुढे आला. हसतच होता, पण ते सुरतेच्या फोनमधलं हसणं होतं.

"दादा, माझी जागा कोणाला दिली?"

काय सांगणार? तुझ्याच नावाने दिली, तुझी आठवण सोसवली नाही म्हणून दिली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? रत्नपालला वडील आठवले, लेझीम खाली ठेवणारे. त्याने गळ्यातली शिट्टी काढून वासुदेवला दिली आणि म्होरक्याच्या जागी जायला सांगितलं. माझा खांदा दुखतोय, म्हणाला. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले. ज्ञानदीपला त्याने दंडाला धरून शेपटाकडे नेलं. तिथे शेवटून दुसरी जागा रिकामी झाली होती. तिच्या पलीकडे बघायचं नाही, म्हणून त्याने भावाच्या फेट्याकडेच बघितलं.

"शेजाऱ्याकडे बघू नको," तो म्हणाला.

"माहीत आहे. ऐक," ज्ञानदीप म्हणाला, आणि आता खरा हसला.

शिट्टी झाली. दोन, तीन, चार, पाच, सहा. कोणी उरलं नाही.

६

मिरवणूक कृष्णपुऱ्याच्या पुलावर येईपर्यंत रत्नपाल गर्दीतून कडेकडेने चालत होता. ऊन चढलं होतं, पुलाखाली काठावरच्या दगडी छत्र्यांची सावली नदीत पडली होती, गच्चीवरून पोरी निळा गुलाल उधळत होत्या. पथकाने सहाच्या ओळी धरल्या आणि काय वाजलं म्हणता! इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच ते बाहेरून ऐकत होता. त्याचे डोळे भरले. भावाला जागा मिळाली होती. बाप असता तर त्याने पाठीवर हात ठेवला असता.

शेवटची ओळ पुढे निघून गेली, तेव्हा त्याला ती मागून दिसली. सहा पाठी. पाचवी ज्ञानदीपची. सहावा डावीकडच्या टोकाला. रत्नपालला फक्त पाठ आणि फेट्याची शेंडी दिसली, आणि लेझीम वर जाताना दिसली. उजवा खांदा मध्येच वाकडा उचलला गेला.

ज्ञानदीप शेजारी न बघता हसत काहीतरी बोलला, घरच्या माणसाशी बोलतात तसं. सहाव्याने मान थोडी त्याच्याकडे कलवली. तेवढ्यात मध्ये दुसरं पथक घुसलं.

रत्नपाल धावला. पण मिरवणुकीच्या गर्दीत धावणार किती? वासुदेव कुठे दिसेना. ओळखीचे दोघंतिघं भेटले, त्यांनी अनोळखी माणसाला द्यावा तसा रस्ता दिला आणि पुढे बघत राहिले. उन्हाने डोकं फिरलं असेल, तो स्वतःला म्हणाला. वाकडे खांदे काय मिलमध्ये एकट्याचेच होते? घरी जावं, पाणी प्यावं.

गल्लीत शिरला तेव्हा जेवणाची वेळ होऊन गेली होती. दार लोटलेलं. आतून वरणाचा वास येत होता आणि हसण्याचा आवाज, बेबीचा आणि ज्ञानदीपचा. कितीतरी दिवसांनी बेबी अशी हसत होती. उंबऱ्याशी चपला होत्या. आईच्या, बेबीच्या, ज्ञानदीपचे धुळीने भरलेले बूट, आणि त्यांच्या शेजारी एक जोड, डाव्या अंगठ्याला काळ्या दोऱ्याने शिवलेला. रत्नपालने आपल्या पायांकडे बघितलं. डाव्या अंगठ्याला काळा दोरा होता.

"आज भरलं बाबा घर," आतून आई म्हणत होती. "दोघं पोरं एका ताटाला. कोणी उरलं नाही."

त्याने कडी वाजवली. आतलं हसणं थांबलं.

"कोण आहे?" बेबीने विचारलं.

मी, असं तो म्हणणार होता. तेवढ्यात आतून आवाज आला, "राहू दे, मी बघतो." मध्येच चिरकलेला.

पाट सरकल्याचा आवाज झाला. पावलं दाराकडे यायला लागली, ठेक्यात. रत्नपाल नकळत ताठ झाला. नजर समोर, हात बाजूला, वडिलांनी शिकवलं होतं तसा. त्याने नाव सांगायला तोंड उघडलं, पण आपली पाळी आल्यावर माणूस जे बोलतो तेच त्याच्या तोंडून निघालं.

"इकसठ."